अंगठा, नोझल आणि टाकीची उंची

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



पाण्याच्या पाइपाला लावायचं नोझल आपल्या प्रत्येकाकडे जन्मापासून आहे. ते म्हणजे आपला अंगठा. पाइपाच्या तोंडावर अंगठा अर्धवट दाबला की पायाशी पडणारं पाणी पिचकारीसारखं पार कुंपणापर्यंत जातं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. मी तीसहून अधिक वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. पाण्याच्या दाबाचा धडा आला की मुलांना शाळेच्या बागेत न्यायची, पाइप त्यांच्या हातात द्यायची आणि पुढचा अर्धा तास वर्गशिस्त विसरून जायची. मुलं चिंब भिजून उत्तर घेऊन येत, “बाई, तोंड लहान केलं की वेग वाढतो.” उत्तर बरोबर. पण ते अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं ठाऊक असेल तर घरातले पैसे वाचतात, पाणी वाचतं आणि कधी कधी हाडंसुद्धा वाचतात. आज त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलायचं आहे.

मोबाइलवर ती जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. पितळेची किंवा प्लॅस्टिकची एक गन, किंवा हातभर लांब धातूची दांडी, टोकाला बारीक भोक. वीज नको, मोटार नको, साध्या नळाच्या पाइपाला जोडा आणि अंगण, भिंत, गाडी धुऊन काढा. जाहिरातीतला माणूस काळ्याकुट्ट फरशीवर एक फटका मारतो आणि खालून पांढरीशुभ्र फरशी निघते.

माझं घर रत्नागिरी जिल्ह्यातलं. आमच्याकडे अंगणाला खळं म्हणतात, आणि रस्त्यापासून घरापर्यंत उतरणारी जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, तिला पाखाडी. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. श्रावण येईपर्यंत पाखाडीवर हिरवी मखमल चढलेली असते. दिसायला सुंदर, पाय ठेवला की कळतं. दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या जाऊबाई देवाची फुलं काढायला म्हणून सकाळी उतरल्या आणि तिसऱ्या पायरीवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने अंथरूण झालं, आज काठी घेऊन चालतात. फुलं आता मी काढते. म्हणून शेवाळ हा आमच्या घरात हौसेने अंगण चकचकीत ठेवण्याचा विषय राहिलेला नाही.

गणपतीला डोंबिवलीहून माझा भाचा आला, तो ही दांडी घेऊनच. “मावशी, मशीन नको, वीज नको. तुझी पाखाडी आता आरशासारखी होते की नाही बघ.” मी म्हटलं, “बघू या रे.” त्याने पाइप जोडला, गच्चीवरच्या टाकीचा नळ पूर्ण सोडला आणि पायरीवर फवारा धरला. चिखल गेला, पानं गेली, गोगलगायी गेल्या. शेवाळ जागच्या जागी, उलट धुऊन जास्तच हिरवंगार दिसायला लागलं. भाचा म्हणाला, “वस्तू डुप्लिकेट दिसते.” वस्तू डुप्लिकेट नव्हती. चांगली होती. तिच्याकडून मागितलं जात होतं ते तिच्या हातात नव्हतं, आणि त्याचं कारण गच्चीवर होतं.

नोझल दाब तयार करत नाही. त्याच्या आत काहीच नाही, नुसता अरुंद होत गेलेला रस्ता. दाब येतो तो टाकीच्या उंचीवरून. टाकीतल्या पाण्याची पातळी नोझलपासून पाच मीटर वर असेल, तर त्या पाण्याकडे पाच मीटरचीच ताकद आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब म्हणजे साधारण एक बार. तेव्हा पाच मीटरचा अर्धा बार. सतराव्या शतकात इटलीत तोरिचेल्ली नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग हा तेवढ्याच उंचीवरून खाली टाकलेल्या दगडाच्या वेगाइतका असतो. पाच मीटरसाठी तो सेकंदाला सुमारे दहा मीटर भरतो. त्याहून जास्त वेग कुठलंही नोझल देऊ शकत नाही, मग ते पितळेचं असो की सोन्याचं. आणि वेग दुप्पट हवा असेल तर टाकी दुप्पट नव्हे, चौपट उंच हवी.

याची घरच्या घरी परीक्षा आहे. नोझल उभं धरा आणि फवारा सरळ वर सोडा. तो किती वर जातो, तेवढी तुमच्या पाण्याची खरी ताकद. टाकीतल्या पातळीच्या वर तो कधीही जाणार नाही. आमचा फवारा टाकीच्या बराच खाली, पडवीच्या कौलांशीच थांबला.

आपल्या पूर्वजांना हे हिशेब चांगले ठाऊक होते. आता छत्रपती संभाजीनगर झालेल्या औरंगाबादच्या पाणचक्कीत डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून उंच भिंतीवरून खाली पाडलेलं आहे, आणि त्या पाण्यावर पूर्वी जातं फिरायचं. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणलं तेही उताराने, आणि शनिवारवाड्यात कारंजी उडायची तीही वरून येणाऱ्या पाण्याच्या जोरावर. मोटार नावाची गोष्ट तेव्हा नव्हतीच. बिनमोटारीचं पाणी हा काही नवा शोध नाही. फक्त त्या लोकांनी उंची आधी मोजली आणि कारंजं मग बसवलं.

आता अंगठ्याचं उरलेलं अर्धं उत्तर. पाण्याकडे उंचीचे पाच रुपये आहेत असं समजा, मीटरला एक रुपया. पाइपातून जाताना पाणी पाइपाच्या आतल्या भिंतीला घासत जातं आणि त्या घासण्यात खर्च होत जातं. आमचा पाइप अर्धा इंची, वीस मीटर लांब. तो नुसता उघडा सोडला तर पाच रुपयांतले जवळजवळ चार रुपये नव्वद पैसे वाटेतच संपतात. तोंडाशी पोचतात ते दहा-अकरा पैसे. म्हणून पाणी आपल्या पायाशीच पडतं. अंगठा दाबला किंवा चार मिलिमीटर भोकाचं नोझल लावलं की पाइपातून जाणारं पाणी कमी होतं, त्याचा पाइपातला वेग कमी होतो, आणि घासण्याचा खर्च नुसता कमी होत नाही, धाडकन कोसळतो. वेग निम्मा तर खर्च चौथाई. मग तोंडाशी साडेतीन रुपये शिल्लक राहतात आणि तेवढ्यांचा वेग मिळतो. म्हणजे नोझल पैसे छापत नाही. वाटेतली उधळपट्टी थांबवतं, एवढंच. पण ते ‘एवढंच’ काही थोडं नाही. उघड्या पाइपातून सेकंदाला दीड मीटरने पडणारं पाणी नोझलमधून आठ मीटरने निघतं.

यावरून एक फार उपयोगी गोष्ट निघते, जी जाहिरातीत कुणी सांगत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी पाइपावर करा. अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंची पाइप घेतला, तर तेवढंच पाणी नेताना घासण्याचा खर्च साधारण साडेसातपटीने कमी होतो. तेच चार मिलिमीटरचं नोझल पाऊण इंची पाइपाला लावलं की पाच रुपयांतले साडेचारहून जास्त रुपये टोकाशी पोचतात. पाइपाची लांबीही कामापुरतीच ठेवा. दहा मीटरचं काम असताना तीस मीटरचं भेंडोळं जोडायचं आणि मग ‘प्रेशर नाही’ म्हणून टाकीला दोष द्यायचा, हे मी घरोघरी पाहिलं आहे. पाइपाला पडलेली एखादी मुडपसुद्धा नोझलचा सगळा गुण घालवते.

आता ही दांडी आणि सर्व्हिसिंग सेंटरमध्ये गाड्या धुतात तसलं विजेचं मशीन यांची तुलना करू, कारण जाहिरात तीच तुलना करायला लावते. घरगुती मशीनमध्ये दाब १०० ते १३० बारच्या घरात असतो. १३० बार म्हणजे तेराशे मीटर उंचीचं पाणी. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण साडेतेराशे मीटर उंच आहे. तेव्हा टाकी महाबळेश्वरच्या पठारावर आणि पाइपाचं टोक हातात धरून आपण गुहागरच्या किनाऱ्यावर, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. आमच्या गच्चीवरच्या टाकीने त्याच्याशी काय स्पर्धा करायची? वॉटमध्ये सांगायचं तर मशीनच्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात हजारएक वॉटची ताकद असते. आमच्या दांडीतून निघणाऱ्या फवाऱ्यात हिशेबाने साडेतीन वॉट. पूर्वी रात्री लावायचा तो पिवळा झिरोचा बल्ब, नावाला झिरो असला तरी पंधरा वॉट खायचा. त्याच्याही चौथाई.

मग जाहिरातीतली फरशी पांढरी कशी होते? एक तर तिथे खरोखरच नळाला दाब जास्त असू शकतो. अमेरिकेतल्या घरांत नळाचा दाब साधारण ४० ते ६० पौंड असतो, म्हणजे अठ्ठावीस ते बेचाळीस मीटर उंचीच्या टाकीइतका. तिथे बाहेरच्या नळाला नोझल लावलं की काम बऱ्यापैकी होतं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या १९९९ सालच्या पाणीपुरवठ्याच्या नियमपुस्तिकेत एकमजली वस्तीसाठी नळाला कमीत कमी सात मीटर, दुमजलीसाठी बारा आणि तिमजलीसाठी सतरा मीटर दाब असावा असं म्हटलं होतं. तो ‘असावा’ प्रत्यक्षात किती असतो, हे सकाळी सहा वाजता नळाला बादली लावून बसणाऱ्या बाईला विचारा. म्हणून आपल्याकडे बहुतेकांचं पाणी जमिनीखालच्या टाकीत, तिथून पंपाने गच्चीवर आणि तिथून खाली, असा प्रवास करतं. दुसरं असं की जाहिरात ती जाहिरात. धूळ बसलेली फरशी आणि शेवाळ धरलेली फरशी कॅमेऱ्यात सारखीच काळी दिसते.

मग ही वस्तू घ्यायची की नाही? मी तर ती रोज वापरते. फक्त कुठल्या कामाला वापरायची ते ठरवून.

सुट्या, बसलेल्या पण न चिकटलेल्या मळासाठी ती उत्तम आहे. पायपुसण्यांतली माती, खिडक्यांच्या जाळ्यांतली धूळ, पन्हळीत साचलेली पानं, स्कूटरच्या मडगार्डखालचा ओला चिखल. पक्ष्यांची विष्ठा दहा मिनिटं भिजवून ठेवली की फवाऱ्याने निघते. सौर बंबाची काच किंवा छपरावरची सोलर पॅनेलं सकाळी लवकर धुवावीत. भर दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नये. तेलाचे डाग, बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार, सुटलेला रंग आणि शेवाळ या चार गोष्टींवर मात्र फवारा वाया घालवू नये. काही गनांना साबणाची छोटी बाटली असते. वेगाने जाणारं पाणी बाजूच्या नळीतून साबण ओढून घेतं, कल्पना छान आहे, पण गच्चीवरच्या टाकीच्या दाबाला ती नीट चालत नाही. साबण बादलीत कालवून ब्रशनेच लावावा.

आणखी एक. फवारा मीटरच्या पेटीवर, पंपाच्या स्टार्टरवर, बाहेरच्या दिव्यांच्या बटणांवर जाऊ देऊ नका. दाब कमी असला तरी पाणी ते पाणीच.

आता पाण्याचा हिशेब. मी वीस लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन मोजलं. आमच्या पाइपाचं तोंड उघडं असताना बादली पावणेदोन मिनिटांत भरते, म्हणजे मिनिटाला अकरा लिटरच्या आसपास. नोझल लावल्यावर तीच बादली भरायला सव्वातीन मिनिटं लागतात, मिनिटाला सहा लिटर. जोर जास्त आणि पाणी जवळजवळ निम्मं. पण माझ्या मते खरी बचत याहूनही वेगळ्या ठिकाणी आहे, ती गनच्या खटक्यात. उघडा पाइप घेऊन माणूस खळं धुतो तेव्हा पाणी सतत वाहतं. मध्येच फोन येतो, शेजारीण हाक मारते, कुंडी उचलून बाजूला ठेवायची असते, झाडू शोधायचा असतो. पाइप आपला जमिनीवर लोळत वाहतच असतो. तासभर असं धुतलं तर साडेसहाशे लिटर पाणी गेलं. ग्रामीण भागात जलजीवन मिशनने माणशी दिवसाला ५५ लिटर पाण्याचं माप धरलं आहे. म्हणजे एका सकाळी बारा माणसांचं दिवसाचं पाणी आपण पाखाडीवरून ओहोळात सोडलं. खटक्याची गन असेल तर बोट सोडलं की पाणी बंद. तेच काम करताना प्रत्यक्ष पाणी सुटतं वीसएक मिनिटं, आणि खर्च होतो सव्वाशे लिटरच्या आत.

आम्हां कोकणातल्या लोकांना पावसाळ्यात हा हिशेब पटत नाही. पण त्याच विहिरी एप्रिलमध्ये तळ दाखवतात आणि मेमध्ये वाडीवर टँकर येतो. घाटावरच्यांना सांगायलाच नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, आणि पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरूत गाड्या धुणं, बागेला घालणं अशा कामांना पिण्याचं पाणी वापरायला बंदी झाली आणि पाच हजार रुपये दंड ठेवला गेला. शहरातल्या श्रोत्यांनी गाडी धुण्याचा पाइप हातात घेताना हे आठवायला हरकत नाही. गाडीला दोन बादल्या आणि एक फडकं पुरतं, हे आमच्या गल्लीतले रिक्षावाले रोज दाखवून देतात.

शेवाळाचं काय करायचं, ते आता सांगते, कारण मुळात प्रश्न तोच होता.

शेवाळ हे दगडाला घट्ट धरून वाढणारं जिवंत प्रकरण आहे. ते नुसत्या पाण्याने जात नाही, घासून जातं, आणि मेल्यावर अधिक सहज जातं. पाऊस चालू असताना आम्ही असं करतो. उघडीप मिळाली की ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी पायऱ्यांवर शिंपडायचं. नाकाला फडकं, हातात मोजे, आणि पाखाडीच्या कडेच्या अळवावर किंवा अबोलीवर ते जाऊ द्यायचं नाही. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र आणायचं नाही, एकापाठोपाठ एकही वापरायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि न्हाणीघरासारख्या बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो. अर्ध्या-पाऊण तासाने शेवाळ पिवळट पडलं की ताठ काथ्याच्या ब्रशने घासायचं. घासून झाल्यावर मग नोझल घ्यायचं, आणि सगळ्यात वरच्या पायरीपासून खाली उतरत, फवारा तिरका धरून, सुटलेला गाळ ढकलत न्यायचा. इथे ते साडेतीन वॉट भरपूर होतात. सुटलेलं वाहून नेण्यासाठी जोर लागतो तो एवढाच. उभं राहायचं ते मात्र धुतलेल्या कोरड्या बाजूला. धुताना घसरून पडणारी माणसं काही कमी नाहीत.

पाऊस सरल्यावर तर आणखी सोपं. ऑक्टोबरच्या उन्हात शेवाळ वाळून त्याच्या खपल्या होतात. तेव्हा हिरांचा खराटा कोरडाच चालवायचा. पाण्याचा थेंब न लागता निम्म्याहून अधिक काम होतं. वाळलेल्या शेवाळावर आधी पाणी ओतून त्याला पुन्हा ताजंतवानं करण्यात काय अर्थ आहे?

कुणी म्हणेल, एवढं करण्यापेक्षा विजेचं मशीनच आणा ना. सिमेंटच्या अंगणाला, ग्रॅनाइटला जरूर आणा. पण जांभा दगड मऊ आणि सच्छिद्र असतो. मशीनचा बारीक फवारा त्याच्यावर जवळून धरला की शेवाळाबरोबर दगडाचा थरही निघतो आणि सांध्यांतलं सिमेंट उखडतं. पृष्ठभाग आणखी खडबडीत होतो, पुढच्या पावसात त्यात जास्त माती बसते आणि जास्त शेवाळ धरतं. शिवाय मशीनचा फवारा हाताला-पायाला लागला तर कातडी फोडून आत शिरू शकतो; वरून जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने डॉक्टरांकडे जावं लागतं. लहान मुलं असलेल्या घरात ते मशीन उघड्यावर ठेवू नये.

आता दोन धोके बिनमोटारीच्या नोझलचेही. पहिला गढूळ पाण्याचा. थेट नगरपालिकेच्या नळाला पाइप जोडून त्याचं टोक साबणाच्या, फिनाइलच्या किंवा औषध फवारणीच्या बादलीत बुडवून ठेवायची सवय पुष्कळांना असते. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळ येतं आणि जातं. ते गेलं की उताराकडच्या घरांचे उघडे नळ मुख्य नळातलं उरलेलं पाणी ओढून घेतात, वरच्या भागात पोकळी होते आणि आपल्या बादलीतलं पाणी पाइपातून उलटं वर खेचलं जातं. संध्याकाळी ते कुणाच्या तरी माठात जातं. तेव्हा पाइपाचं टोक कधीही बुडवायचं नाही. बादली भरायची असेल तर टोक काठाच्या वीतभर वर धरायचं. मोटार थेट नळाला जोडून पाणी ओढणं तर बेकायदा आहेच, आणि ते रस्त्याखालच्या फुटक्या सांध्यांतून गटाराचं पाणीही आत ओढतं.

दुसरा धोका विहिरीवरच्या पंपाचा. पाइप थेट पंपाला जोडला तर दाब टाकीपेक्षा कितीतरी चांगला मिळतो, नोझलही झकास चालतं. पण खटका सोडला की पाणी अडतं आणि पंप मात्र फिरतच असतो. पंपातलं तेच पाणी घुसळून तापतं, किंवा पाइप क्लिपेतून निसटून सापासारखा उसळतो. आमच्या शेजारच्या काकांनी पंपाजवळ एक टी बसवून घेतला आहे. एक फाटा नोझलकडे आणि दुसरा, नळ अर्धवट उघडा ठेवून, परत विहिरीत. खटका बंद असला तरी पाणी फिरत राहतं. प्लंबरला सांगितलं तर तो अर्ध्या तासात करून देईल.

काम झालं की आधी नळ बंद करा आणि मग खटका दाबून पाइपातला दाब सोडा. भरलेला, दोन्हीकडून बंद पाइप उन्हात पडला की फुगतो आणि क्लिपेपाशी फाटतो. उन्हात पडून राहिलेल्या पाइपातलं पहिलं कढत पाणी झाडांवर घालू नका आणि मुलांना त्यातून पिऊ देऊ नका.

विकत घेताना मी काय बघते, ते सांगून थांबते. लांब दांडीपेक्षा हातात मावणारी, खटक्याची, पितळी तोंडाची गन बरी. तोंड फिरवून धार आणि शिंपण असं दोन्ही करता यावं, कारण झाडांना शिंपणच लागते. भोक चार-पाच मिलिमीटरचं असावं. त्याहून बारीक भोकाची धार जोरदार वाटते, पण पाणी इतकं कमी येतं की गाळ पुढे सरकत नाही, आणि टाकीतल्या कचऱ्याने भोक वरचेवर तुंबतं. आपल्या पाइपाचा तुकडा दुकानात बरोबर न्यावा, म्हणजे अर्धा इंची की पाऊण इंची हा घोळ होत नाही. सोबत लोखंडी नव्हे, स्टीलची क्लिप घ्यावी. समुद्राजवळच्या हवेत लोखंडी क्लिप एका पावसाळ्यात गंजते. आणि रबराचे दोन वॉशर जादा मागून घ्यावेत. गळती सुरू होते ती बहुतेक वेळा वॉशरपाशीच, आणि ओळखीचा दुकानदार असेल तर त्याचे पैसे घेत नाही.